मारून राहिले होते

“मारून राहिले? मग कुठे राहिले, बाई? मुक्कामाला?”

चौकशीचे साहेब असं म्हणाले आणि हसले. ते हसले म्हणून शेजारच्या खुर्चीतला फौजदार हसला. फौजदार हसला म्हणून दारातला शिपाई हसला. जबाब लिहून घेणारा पोलीस, ज्याला तिथे सगळे रायटर म्हणत, तो कागदावर मान घालून हसला. माझी आई टेबलासमोर उभी होती. तिचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात मेला, त्याला अजून महिनाही झाला नव्हता. आणि तीसुद्धा हसली.

तिला वाटलं, मोठा साहेब आहे, गंमत करतो आहे, म्हणजे मनानं चांगला असेल. आपण हसलो नाही तर त्याला राग येईल. गरीब माणूस साहेबासमोर असाच हसतो. कशाला हसतोय ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. मी मागे भिंतीशी उभी होते. मला वाटत होतं, धावत जावं आणि तिच्या तोंडावर हात ठेवावा.

आई फक्त एवढंच म्हणाली होती: “मी डबा घेऊन गेली तवा ते त्याले मारून राहिले होते, साहेब. तो पाणी मागून राहिला होता.”

ज्यांना आमची बोली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपूरकडे आम्ही असंच बोलतो. जेवत असलो तर जेवून राहिलो म्हणतो. पाऊस पडत असला तर पडून राहिला म्हणतो. यात कोणी कुठे राहायला जात नाही. आई सांगत होती की मी गेले तेव्हा ते त्याला मारत होते आणि तो पाणी मागत होता. नागपूरच्या शेंबड्या पोरालाही हे कळेल. साहेब मात्र तिकडचे, पुण्याकडचे. त्यांना खरंच कळत नसेल, असं मी तेव्हा धरून चालले होते.

आम्ही नागपूरजवळ वाडीला राहत होतो. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं आहेत, त्यांच्या मागच्या अंगाला भाड्याच्या खोल्या. त्यातली एक आमची. रात्रंदिवस ट्रकांची घरघर. पाहुणे आले की विचारायचे, झोप कशी लागते तुम्हाला? आम्हाला ट्रक थांबले की जाग यायची. बाबा आम्ही लहान असतानाच गेले. दादा गोदामात हमाली करायचा, आणि माझं डी.एड.चं शिक्षण अक्षरशः त्याच्या पाठीवर चाललं होतं. मी मास्तरीण होणार, असं तो सगळ्या ड्रायव्हरांना सांगून ठेवायचा. मला लाज वाटायची. आता त्या लाजेचाही राग येतो.

छप्पन साली आईबाबा दीक्षाभूमीवर गेले तेव्हा मी आईच्या कडेवर होते, असं ती सांगते. नंतर विहारात बायांचा वर्ग चालायचा, तिथे ती स्वतःचं नाव लिहायला शिकली. त्यापुढे तिला वेळच मिळाला नाही. पण तेवढ्या एका नावावर तिची मान ताठ असायची.

मी शुद्ध बोलायला शाळेत शिकले. शिकले म्हणजे शिकवलं नाही कोणी, सोलून काढलं. पाचवीत बाई मला फळ्यासमोर उभं करायच्या आणि काहीतरी विचारायच्या. मी ‘मले’ म्हटलं की सगळा वर्ग बकरीचा आवाज काढायचा. बाई पुस्तकामागे तोंड लपवून हसायच्या. वर्षभरात मी ‘मला’ म्हणायला लागले. मग ‘तुला’, मग ‘त्याला’. घरी एक आणि बाहेर एक. दादा चिडवायचा, “आल्या पुन्याच्या बाई. आपनास पाणी हवे काय?” मी त्याच्या अंगावर तांब्या फेकायची. पण मनातून मला वाटायचं, एकदा भाषा सुधारली की आपलं कोणी ऐकत नाही असं होणार नाही. माझा या गोष्टीवर देवासारखा विश्वास होता. देव आमच्या घरात नव्हता, म्हणून असेल कदाचित.

गोदामातून कापडाची एक गाठ गेली. कोणी नेली ते आजही कोणाला माहीत नाही. सकाळी फौजदार आला, हमालांना एका बाजूला उभं केलं आणि नावं विचारली. मग आडनावं विचारली. आडनाव ऐकून दादाला वेगळं काढलं आणि गाडीत घातलं.

दुपारी आई डबा घेऊन ठाण्यात गेली. पुढच्या शिपायानं सांगितलं, मागच्या अंगाला जा. मागचं दार उघडं होतं. आत दादा जमिनीवर पाय लांब करून बसवलेला, एक जण त्याच्या मांड्यांवर उभा, आणि फौजदार पट्ट्यानं तळव्यांवर हाणत होता. आईला पाहून कोणीतरी दार लावून घेतलं. ती डबा पायरीवर ठेवून भर उन्हात घरी धावत आली. मी अभ्यास करत होते. दारातूनच ती म्हणाली, “बाई वं, तुह्या दादाले ते मारून राहिले.”

मारलं असं नाही म्हणाली. मारून राहिले म्हणाली. ती रस्त्यानं धावत होती तेव्हा ते मारत होते. ती मला सांगत होती तेव्हा मारत होते. मी चपला शोधत होते तेव्हाही मारत असणार. चपला कशाला शोधत बसले, असं नंतर फार वाटलं.

आम्ही ठाण्यात पोचलो तर म्हणाले, दवाखान्यात नेलं आहे. दवाखान्यात पोचलो तर अंगावर चादर होती. तोंडाकडची चादर आईनं काढली, पायांकडची मी. तळवे काळेनिळे झाले होते आणि इतके सुजले होते की बोटं वेगळी दिसत नव्हती. सोबतचा पोलीस म्हणाला, मोरीत पाय घसरला, डोकं आपटलं. मी त्याला म्हटलं, तळवेसुद्धा आपटले का? तो म्हणाला, शिकलेली दिसते.

वाडीच्या हमालांनी काम बंद केलं. वस्तीतली माणसं रोडवर बसली. ट्रकांची रांग लागली, माल अडकला, व्यापाऱ्यांचे फोन गेले. मग साहेब लोकांना जाग आली आणि चौकशी लागली. दादा मेला म्हणून नाही लागली, ट्रक अडकले म्हणून लागली. पोलिसांची चौकशी पोलीसच करणार होते. तरी आम्हाला बरं वाटलं. ठाण्याबाहेरचे साहेब येणार, म्हणजे खरंखोटं होईल, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो.

साहेबांच्या ऑफिसात गेलो तर फौजदार त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत होता. ज्याची चौकशी, तोच. आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही.

आधी माझा जबाब झाला. मी घरी घोकून गेले होते. माझं सगळं शुद्ध. ‘त्यांनी’, ‘तेव्हा’, ‘आम्हाला सांगण्यात आले’. तळव्यांचं सांगितलं, पोलीस काय बोलला ते सांगितलं, एकदाही अडखळले नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे रेलले.

“छान बोलतेस. कोणी पढवलं?”

“कोणी नाही साहेब. मी पाहिलं ते सांगितलं.”

“हमालाची बहीण असं बोलते? वस्तीतले पुढारी असतील ना मागे? पाठ करून आलीस, दिसतंच आहे.” आणि रायटरला म्हणाले, “लिहा, साक्षीदार पढवल्यासारखी वाटते.”

इतक्या वर्षांची माझी सगळी कमाई त्यांनी एका वाक्यात माझ्याच गळ्यात अडकवली. मला भिंतीशी उभं राहायला सांगितलं आणि आईला पुढे बोलावलं.

मग ते झालं, जे सुरुवातीला सांगितलं. कुठे राहिले, मुक्कामाला का. हसणं. आईचं हसणं.

हसून झाल्यावर साहेब म्हणाले, “ही कसली मराठी? अर्धी हिंदी, अर्धी कसलीशी. मला हे असलं वर पाठवता येणार नाही. शुद्ध करून लिहा.”

“हो साहेब,” रायटर म्हणाला आणि लिहू लागला. आई बोलत होती आणि तो शुद्ध करत होता. तिला मधूनमधून वाटायचं, आपण फार भरभर बोलतोय, म्हणून ती थांबायची आणि त्याच्या पेनाकडे पाहायची. पेन थांबलं की पुढे बोलायची. इतकी ती त्याला जपत होती.

लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं. नियमच आहे तसा. घाईघाईनं, शब्दांचे शेवट गिळत तो वाचत गेला. “...मी डबा घेऊन गेले त्या वेळी त्यास मारावयाचे राहिले होते. त्याने पाणी मागावयाचे राहिले होते. नंतर मी घरी निघून गेले. जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.”

आईनं मान हलवली. तिला ‘राहिले होते’ ऐकू आलं. आपलाच शब्द आहे म्हणून तिनं मान हलवली.

मारावयाचे राहिले. म्हणजे मारलंच नाही. मारणं बाकी राहिलं. पाणी मागणंही बाकी राहिलं. एका शब्दाचं शेपूट बदललं आणि माझ्या आईच्याच तोंडून फौजदार सुटला. साहेबांना ही बोली कळत नसेल, मान्य. पण रायटर आमच्याच बोलीचा, जुन्या नागपुरातला. थोड्याच वेळापूर्वी चहा आणणाऱ्या शिपायाला तो म्हणाला होता, “काहून बे, साखर टाकून नाई राहिला का आजकाल?” हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

शिपायानं शाईचं पॅड आईपुढे सरकवलं. “अंगठा लाव.”

“मले सही येते,” आई म्हणाली. तेवढ्यापुरता तिचा चेहरा उजळला. रायटरनं पेन दिलं. तिनं पदरानं हात पुसला आणि कागदावर वाकली.

मी भिंतीपासून कधी निघाले ते मला आठवत नाही. मी तिचं मनगट धरलेलं होतं, तिथून पुढचं आठवतं.

“आई, सही नको करू वं. त्यानं खोटं लिवलं.”

“ए,” साहेब म्हणाले, “तुझा जबाब झालाय. मागे हो.”

“माही माय म्हणाली, मारून राहिले होते. यानं लिवलं, मारायचं राहिलं.”

“तेच ते. व्याकरण दुरुस्त केलंय फक्त.”

“तेच ते नाई, साहेब.”

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मघाशी तर चांगली शुद्ध बोलत होतीस. आता काय झालं?”

“मघाशी तुम्ही मले पढवलेली म्हणाले.”

हे माझ्या तोंडून आलं आणि माझं मलाच नवल वाटलं. परक्या माणसासमोर ‘मले’ म्हणायला मी पाचवीपासून घाबरत होते. आता कोणी बकरीचा आवाज काढला असता तर मी त्याचं तोंड फोडलं असतं.

“तुमचा रायटर नागपूरचा आहे,” मी म्हटलं. “त्याले विचारा, मारून राहिले म्हंजे काय.”

फौजदारानं कप खाली ठेवला आणि रायटरकडे पाहिलं. रायटर पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

“सांगा नं, काका. तुमच्या घरी काय म्हणते? तुमची माय काय म्हणत होती?”

तो कागदाकडे पाहतच म्हणाला, “मारत होते, साहेब. मारून राहिले म्हणजे... मारत होते.”

या वेळी कोणी हसलं नाही. माझ्या भावाला मारत होते, हे त्या खोलीत पोलिसाच्या तोंडून निघालं होतं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. साहेब खुर्चीतून उठतील. फौजदाराला बाहेर जा म्हणतील. इतकी मी भोळी होते.

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. “बाई सही करणार आहेत की नाही, तेवढं सांगा. मला दुसरी कामं आहेत.”

“नवीन लिहा,” मी म्हटलं. “माय जसं बोलली तसंच लिहा. मंग करते ते सही.”

“तसला जबाब सरकारी कामात बसत नाही.”

“नाई बसत तं नाई बसत.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं की नाही, मला सांगता येत नाही. पण तिनं पेन टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला.

“मंग नाई करत मी,” ती म्हणाली.

आम्हाला बाहेर काढलं. व्हरांड्यात रायटर मागून आला. इकडेतिकडे पाहत म्हणाला, “पोरी, सही करू द्याची होती. काहीतरी कागदावर राह्यलं असतं. आता तं तुह्या मायचा शब्दच राहणार नाई फाइलीत.”

“काका, लिहून राहिले होते तवा तुमाले समजलं होतं नं?”

“समजून कोनाले नाई राहिलं, बाई?” तो म्हणाला. “साहेबाले इथी येऊन चार वर्षं झाले.”

आणि तो आत गेला. मी तिथेच उभी राहिले. चार वर्षं. रोज शिपाई, गुन्हेगार, भाजीवाले, ड्रायव्हर, सगळे त्यांच्यासमोर करून राहिलो, जाऊन राहिलो बोलत असणार. साहेबांना आईचं बोलणं पहिल्याच वाक्याला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच मुक्कामाचा विनोद केला होता.

मला रडू आलं नाही, राग आला. आणि तो साहेबांवर कमी आला, माझ्या त्या जुन्या विश्वासावर जास्त आला. पाचवीपासून मी समजत होते की आमची जीभ वाकडी आहे, ती सरळ केली की हे लोक ऐकतील. जीभ सरळ करून गेले तर मी पढवलेली. आई वाकड्या जिभेनं बोलली तर समजत नाही. म्हणजे आम्ही कसंही बोललो तरी दार बंदच होतं, आणि मी इतकी वर्षं दाराची कडी समजून स्वतःची जीभ घासत बसले होते.

चौकशी संपली. निकाल कोणी लेखी दिला नाही. ठाण्याच्या खिडकीतूनच सांगितलं, घसरून पडून मृत्यू. आईची सही नसल्यामुळे तिचा जबाब धरला नाही. माझा जबाब पढवलेला. फौजदाराची दुसऱ्या ठाण्यात बदली झाली आणि ट्रक पहिल्यासारखे चालू झाले.

वस्तीतले काही जण म्हणाले, पोरीनं घाई केली. सही झाली असती तर पुढे त्याच कागदावर भांडता आलं असतं. एकदा भाकरी थापताना आईनंच विचारलं, “करून टाकली असती तं काही झालं असतं का वं?” मी चुलीतलं लाकूड आत सरकवलं. तिच्या मुलाच्या नावानं जो एकुलता एक कागद तयार होत होता तो मी होऊ दिला नाही, हे मला रोज टोचतं. हे टोचणं जाईल असं मला वाटत नाही. पण आईला उभ्या आयुष्यात एकच शब्द लिहिता आला, तिचं नाव. तो शब्द दादाला कोणी मारलंच नाही या वाक्याखाली पडला असता. ती सही मी थांबवली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा थांबवीन.

आता आम्ही कोर्टात फिर्याद दिली आहे. वकील आमच्याच माणसांतला आहे, तरुण आहे, फी मागत नाही. त्यानं आईचं सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं, ‘मारहाण करीत होते’. अर्थ बरोबर आहे. कोणी चूक काढू शकणार नाही. मी म्हटलं, हे खोडा. मारून राहिले होते, असं लिहा.

“ताई, अर्थ तोच आहे. उगाच कोर्टात हसतील.”

“हसू द्या. हसून झाल्यावर विचारायचं, समजलं का म्हणून. समजलं म्हणाले की पुढचं सांगायचं.”

त्यानं खोडलं आणि लिहिलं.

तारखा पडतात आणि पुढे जातात. फौजदार हजर राहत नाही. निकाल आमच्या बाजूनं लागेल असं मला कोणी सांगितलेलं नाही, आणि मी ते कोणाला विचारतही नाही. आईचा नंबर येईल तेव्हा ती तिच्या तोंडानं, तिला दिसलं तसं सांगेल. मी तिच्या बाजूला उभी असेन. तिचं बोलणं शुद्ध करायला जो कोणी पेन उचलेल, तो रायटर असो, वकील असो की न्यायाधीश असो, त्याचा हात मी तिथेच धरीन.